नगरसेवकपद मिळाले, म्हणून नोकरी सोडावी का?

आपण पत्रात सगळे आकडे मोकळेपणाने दिले आहेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांनिशीच देतो. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत आपण ‘ड’ वर्ग, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातील महानगरपालिकेत महिला राखीव जागेवरून निवडून आलात. वय 41, खासगी कंपनीत लेखापालाची नोकरी, हातात येणारा पगार 52,000 रुपये. यजमानांच्या इलेक्ट्रिकल दुकानातून महिन्याला साधारण 40,000 रुपये येतात. घरखर्च, गृहकर्जाचा हप्ता आणि अकरावीतल्या मुलीचा क्लास मिळून 68,000 रुपये जातात. बँकेत 14 लाखांची मुदत ठेव आहे, आणि निवडणुकीसाठी दागिने तारण ठेवून घेतलेले 6 लाखांचे कर्ज डोक्यावर आहे. आता नोकरीचा राजीनामा द्यावा, जनसंपर्क कार्यालय उघडावे आणि हप्त्यांवर गाडी घ्यावी, असा आपला विचार आहे.

माझे मत स्पष्ट आहे: राजीनामा देऊ नये, निदान पहिली दोन वर्षे तरी नाही.

2017 मध्ये राज्य शासनाने नगरसेवकांचे मानधन वाढवले तेव्हा ‘ड’ वर्गासाठी ते महिना 10,000 रुपये ठरले. पाच वर्षांचे होतात 6 लाख, म्हणजे आपण निवडणुकीसाठी काढलेल्या कर्जाएवढेच. त्याच पाच वर्षांत, एक रुपयाही पगारवाढ न धरता, नोकरीतून 31 लाख 20 हजार रुपये येतात. भविष्य निर्वाह निधी आणि कंपनीचा आरोग्य विमा वेगळाच. प्रभागातील कामांसाठीचा निधी कितीही मोठा दिसला तरी तो महापालिकेच्या निविदेतून खर्च होतो, आपल्या घरखर्चाशी त्याचा संबंध नाही. आमदारांना निवृत्तिवेतन मिळते, नगरसेवकांना मिळत नाही.

नोकरी सोडल्यास घरात 50,000 रुपये येतील. घरचे 68,000, कार्यालयाचे भाडे आणि तेथील मदतनिसाचा पगार मिळून 18,000, वर्गण्या व आहेर आपल्याच अंदाजाने 12,000 आणि गाडीचा हप्ता 14,000 धरला, तर दर महिन्याला 62,000 रुपयांची तूट येते. ठेवीतून दागिने सोडवून उरलेले 8 लाख या तुटीला पुरे तेरा महिनेही पुरत नाहीत.

वर्गण्यांचा 12,000 रुपयांचा अंदाजही मला अपुरा वाटतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका माजी नगरसेविकेने आपल्या कार्यकाळाच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतले गणेशोत्सवाच्या महिन्याचे एक पान मी पाहिले आहे. मंडळांच्या पावत्या प्रत्येकी 2,100, एका लग्नातला आहेर 1,101, शाळेतल्या मुलांना वह्या, सिव्हिलमध्ये नेलेल्या एका आजोबांचे रिक्षाभाडे आणि औषधे, आणि खाली त्यांच्याच अक्षरात ‘बांगड्या – सोनार’ अशी नोंद. त्या बांगड्या पुन्हा घरी आल्या नाहीत.

‘मला कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत,’ हे आपल्या पत्रातील वाक्य मला फार मोलाचे वाटले, आणि ते पाळायचे असेल तर पगार चालू राहणे आवश्यक आहे. ज्या घरात हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे नसतात, त्या घरातील नगरसेविकेला ठेकेदाराने पुढे केलेले पाकीट परत करणे अतिशय जड जाते, आणि एकदा घेतले की पुढच्या प्रत्येक विषयावर तोंड बंद होते.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये नागपुरात आणि एकनाथ शिंदे 1997 मध्ये ठाण्यात नगरसेवक म्हणूनच निवडून आले होते, हा आपला दाखला खरा आहे. परंतु त्यांच्यासोबत सभागृहात बसलेल्या बाकीच्यांचे पुढे काय झाले, याचाही विचार करावा. दर निवडणुकीत आरक्षणाची सोडत निघते, प्रभागांच्या हद्दी बदलतात. 2012 मध्ये दोन सदस्यांचे असलेले प्रभाग 2017 मध्ये चार सदस्यांचे झाले. काम चांगले असूनही पुढच्या वेळी उभे राहायला जागाच उरली नाही, असे घडते. शिवाय मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या पुणे, नाशिकसारख्या महापालिकांत पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली, आणि कोल्हापुरात तर नोव्हेंबर 2020 पासून प्रशासक होता. एवढा काळ मानधन नाही, पदही नाही. आपली मुदत संपेल तेव्हा आपण 46 वर्षांच्या असाल, आणि पाच वर्षे हिशेबापासून दूर राहिलेल्या लेखापालाला त्या वयात आजच्या पगाराची नोकरी मिळणे कठीण असते.

तेव्हा ठेवीतील 6 लाख काढून दागिने आधी सोडवावेत, कारण ठेवीवर 6.5 टक्के मिळवून तारण कर्जावर 9.5 टक्के भरण्यात नुकसानच आहे. उरलेल्या 8 लाखांपैकी सहा महिन्यांच्या खर्चाएवढे 4 लाख अडीअडचणीसाठी आणि 4 लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेवावेत, या दोन्हींना प्रभागासाठी हात लावू नये. मानधनासाठी स्वतंत्र खाते उघडावे आणि वर्गणी, आहेर, मदत त्यातूनच द्यावी. महिन्याचे 10,000 संपले की पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे. लोकांना हे सुरुवातीपासून सांगितले तर ते समजून घेतात. कार्यालय प्रभागातील आपल्याच पक्षाच्या इतर नगरसेवकांसोबत मिळून घ्यावे, म्हणजे भाडे विभागले जाईल. कंपनीकडे महासभेच्या दिवसांपुरती बिनपगारी रजा मागावी. गाडी नको.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात तपासावी. यजमानांचे दुकान महापालिकेला किंवा तिच्या ठेकेदारांना माल पुरवते, असा ओझरता उल्लेख आपण केला आहे. महापालिकेच्या कोणत्याही कंत्राटात आपला किंवा आपल्या भागीदाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 नुसार पद जाऊ शकते. दुकानाच्या भागीदारी करारात आपले नाव आहे का हे पाहून, तो करार आणि मागील वर्षाची बिले घेऊन वकिलांना भेटावे, आणि त्यांचे मत लेखी मिळेपर्यंत महापालिकेच्या कामासाठी नवा माल देऊ नये.