पत्रा जुळत नसेल, तर रिव्हेट गन आधी खाली ठेवा

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचे, संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे विमान संच आणून बांधतो आहे. डाव्या पंखाचा वरचा पत्रा सांगाड्यावर बसवताना पहिल्या रिबांवर (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांवर) भोके बरोबर जुळली. पण टोकाकडच्या दोन रिबांवर ती जवळजवळ अर्ध्या भोकाने सरकलेली दिसतात आणि एका ठिकाणी पत्रा व रिबची फ्लँज (दुमडलेली कड) यांच्यात सुमारे दीड मिलिमीटर फट राहते. ड्रिल फिरवून भोके मोकळी केली आणि रिव्हेट ठोकले, तर ही फट मिटेल का?

उत्तर : नाही, मिटणार नाही, आणि ड्रिल उचलण्याआधी तुम्ही विचारलेत हे फार बरे झाले. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची खीळ, पत्र्यांना एकमेकांकडे ओढून घेत नाही. ठोकताना त्याची दांडी आखूड आणि जाड होते, भोक भरते आणि मागे डोके तयार होते. मध्ये फट असेल, तर तोच धातू फटीत फुगून पत्र्यांना कायमचे दूर धरतो, आणि बाहेरून पाहावे तर प्रत्येक रिव्हेटभोवती पोचा पडलेला असतो.

जी चूक टोकाच्या रिबवर दिसते आहे, ती बहुधा अलीकडे कोठेतरी घडलेली असते. म्हणून पत्रा उतरवा आणि प्रत्येक रिबच्या फ्लँजवर, भोकांच्या ओळीलगत, बारीक दोरा ताणून धरा. ओळ दोऱ्यापासून बाक घेत असेल, तर कारण सापडले असे समजा. साच्यावर रिब दाबताना वक्र कडेवरची फ्लँज दुमडली जाते. तिथला जादा धातू सामावायला जागा नसते, म्हणून रिबच धनुष्यासारखी वाकते. फ्लूटिंग पकडीने (चुण्या पाडणाऱ्या पकडीने) दोन भोकांच्या मधोमध, पत्र्यापासून दूर आतल्या बाजूला, हलक्या चुण्या घातल्या की तो जादा धातू त्यांत सामावतो आणि ओळ सरळ होते. एका वेळी थोडेच दाबावे आणि पुन्हा दोरा धरावा, कारण चुण्या जास्त झाल्या की रिब उलट बाजूला वाकते. त्यानंतर फ्लँजचा कोन तपासा. दाब निघाल्यावर पत्रा थोडा मागे उसळतो, त्यामुळे फ्लँज हवी तितकी वळलेली नसते, आणि तुमची दीड मिलिमीटरची फट बहुधा त्यातूनच आली असावी. रुंद जबड्याच्या पकडीने ती एकदाच, बेताने वळवावी. २०२४-टी३ या जातीच्या मिश्रधातूचा पत्रा त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा मागेपुढे केला, तर वळणावर तडकतो.

रिबा सरळ असूनही भोके सरकलेली राहिली, तर मला पंखाला पीळ पडल्याची शंका येईल, आणि ती मी सर्वांत गंभीर मानतो. पंख घोडीवर उभा असताना मुळाशी आणि टोकाशी ओळंबे सोडा आणि मुख्य स्पार व मागचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळया) यांच्यातील आडवे अंतर दोन्ही ठिकाणी सारखे भरते का, ते मोजा (सर्वत्र सारख्या रुंदीच्या पंखासाठीच ही मोजणी लागू आहे). दोन्ही बाजूंचे पत्रे बसून पेटी बंद झाली, की हा पीळ काढता येत नाही आणि विमान उडताना एका बाजूला कलत राहते.

पत्रा पुन्हा चढवताना मधून सुरुवात करून कडांकडे जावे, आधी दर चौथ्या भोकात आणि मग एकाआड एक क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या खिळी) लावावे. एका टोकाकडून निघालात, तर सगळी तफावत शेवटच्या भोकांत साठते. सरकलेल्या भोकात ड्रिल घातले, तर ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे होते. असे एखादे भोक झालेच असेल, तर ३/३२ इंचाऐवजी १/८ इंच दांडीचा, पण लहान डोक्याचा एनएएस १०९७ जातीचा रिव्हेट वापरता येतो. मात्र भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट, म्हणजे १/८ इंचासाठी सुमारे ६.४ मिलिमीटर अंतर उरले पाहिजे. तेवढे उरत नसेल, तर तो भाग नवीन मागवणे हाच मार्ग आहे. एवढे सगळे करूनही बारीक फट राहिली, तर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) ती मोजून, त्याच मिश्रधातूची पट्टी मध्ये घालण्याविषयी संच बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना लेखी विचारा. ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेचे तांत्रिक सल्लागार काम पाहायला घरी येतात. पंख बंद करण्याआधी त्यांना अवश्य बोलवा.

प्रश्न : उजव्या पंखावर दोन रिबांमधला पत्रा बोटाने दाबला, की ‘टक्’ आवाज करून आत-बाहेर होतो. हातोडीने सपाट करू का?

उत्तर : हातोडी मुळीच लावू नका, ठोकल्याने धातू आणखी पसरतो आणि झोळ वाढतो. थंड पत्रा तापलेल्या सांगाड्यावर रिव्हेट केला होता का, ते आठवून पाहा. ३ मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा १५ अंश सेल्सियसच्या फरकाने सुमारे १ मिलिमीटर लांबतो. खालची बाजू अजून उघडी असेल, तर झोळाच्या मधोमध आतून पातळ एल आकाराची पट्टी बसवावी. तिची जागा आणि जोडण्याची पद्धत संचाच्या अभियंत्यांकडून ठरवून घ्यावी. खुणा करताना शिसपेन्सिल वापरू नका, कारण ग्रॅफाइटच्या रेघेपाशी अ‍ॅल्युमिनियम गंजू लागते; बारीक टोकाचा मार्कर पेन वापरा.