आधी तिला विचार, मग पुस्तक सुचव

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. कुणी "एखादी छान रोमान्स कादंबरी सुचवा ना" म्हटलं की तू भरभरून नावं देतेस, पण त्यातलं एखादं पुस्तक वाचून कुणी तुझ्याकडे परत येत नाही, हे तुझं दुखणं वाचलं. तुझा उत्साह मला फार मोलाचा वाटतो, तो तसूभरही कमी करू नकोस. मात्र यादीत असतं ते तुझं मन. विचारणारीला स्वतःचं मन ओळखणारं एखादंच नाव हवं असतं.

म्हणून आधी तिला विचार: कुठल्या पुस्तकानं तुला शेवटचं जागवलं? आणि त्यातली कुठली जागा तू परत उघडून वाचलीस? या दुसऱ्या प्रश्नात सगळं येतं. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेजुडिस'चंच घे. 1813 सालची ही कादंबरी अजूनही असंख्य वाचकांची लाडकी आहे, पण प्रत्येकीची लाडकी जागा वेगळी. एकीला नायिका एलिझाबेथ आणि नायक डार्सी यांची शाब्दिक चकमक हवी असते, उत्तराला प्रत्युत्तर. दुसरीला ते पत्र हवं असतं. 61 प्रकरणांच्या या पुस्तकात चौतिसाव्या प्रकरणात डार्सी लग्नाची मागणी घालतो, झिडकारला जातो आणि दुसऱ्या दिवशी पत्र तिच्या हाती देतो. ते पुन्हा पुन्हा वाचताना एलिझाबेथला स्वतःचाच पूर्वग्रह दिसतो आणि कादंबरी तिथे वळते. प्रेम जडण्याच्या कितीतरी आधी तिची स्वतःशी गाठ पडते.

दोघीही तुला "शत्रुत्वातून प्रेम हवं" असंच सांगतील. पण चकमक आवडणारीला मी जॉर्जेट हेयर देईन. रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या, तिच्या कादंबऱ्यांमध्ये संवाद तलवारीसारखे चालतात आणि शयनगृहाचं दार बंदच राहतं. पत्र आवडणारीला मात्र ऑस्टिनचीच 'पर्स्वेजन' देईन. सत्तावीस वर्षांची अ‍ॅन इलियट, आठ वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या सल्ल्यानं नाकारलेला वेंटवर्थ, आणि शेवटाकडे पुन्हा एक पत्र. त्यात शत्रुत्व औषधालाही नाही. ट्रोपच्या, म्हणजे कथेच्या ठरावीक साच्याच्या, नावावर गेलो असतो तर हे पुस्तक कधीच सुचलं नसतं.

ट्रोप वाईट आहेत असं मी म्हणत नाही. खोटं लग्न, सेकंड चान्स, एकाच खोलीत अडकलेले दोघं, ही नावं ऐकूनच आपल्या लोकांचे डोळे चमकतात आणि चमकावेतच. पण त्यातून फक्त मांडणी कळते. ती मांडणी कुणी कशी रंगवली आहे हे सांगायचं काम तुझं.

ते सांगायला एक प्रश्न मला नेहमी उपयोगी पडतो: या दोघांना एकत्र येण्यापासून नेमकं काय अडवतंय? पामेला रेजिस या अभ्यासक बाईंनी 2003 मध्ये रोमान्स कादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले. त्यात पहिली भेट, आकर्षण, प्रेमाची कबुली हे तर आहेतच, पण माझ्या मते खरं वजन आहे ते अडसराला. अडसर बाहेरचा आहे की मनातला? घराण्याचं वैर आहे, की पूर्वी मोडलेला विश्वास? की पाच मिनिटं नीट बोलले असते तर सुटला असता असा गैरसमज, जो लेखिकेनं दोनशे पानं ताणलाय? या शेवटच्या प्रकारानं काही वाचकांचा जीव जातो, तर काहींना तीच हुरहुर हवी असते. तू पुस्तक सुचवताना "खूप गोड आहे" म्हणण्यापेक्षा "त्याला हिच्यावर प्रेम आहे हे विसाव्या पानावर कळतं, तिला मात्र स्वतःवर विश्वास नाही म्हणून उशीर लागतो" असं एक वाक्य सांग. ऐकणारीला लगेच समजेल की हे तिचं आहे की नाही.

शेवट सांगायला घाबरू नकोस. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंस्थेनं रोमान्सची व्याख्या करताना दोनच गोष्टी धरल्या: केंद्रस्थानी प्रेमकथा, आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट. दोघं एकत्र येणार हे सांगणं म्हणजे स्पॉइलर नव्हे. त्या भरवशावरच तर वाचक जीव मुठीत धरून मधली पानं वाचते. कसं येणार, काय सोडून येणार, कोण आधी झुकणार, हे मात्र जपून ठेव.

आणि म्हणूनच प्रेमकथा आणि रोमान्स यांची गल्लत करू नकोस. 1847 या एकाच वर्षात दोन बहिणींच्या कादंबऱ्या आल्या, शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' आणि एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स'. पहिली नायिकेला खूप सोसायला लावून शेवटी तिच्या माणसापाशी आणते. दुसरी थोर आहेच, पण तिच्यातलं मुख्य प्रेम माणसं उद्ध्वस्त करतं आणि नायिका पुस्तकाच्या मध्यावरच मरते. दिवसभर थकलेल्या, "मला आज फक्त बरं वाटायला हवंय" म्हणणाऱ्या बाईच्या हातात दुसरी कादंबरी रोमान्स म्हणून ठेवणं म्हणजे तिचा विश्वासघात. मी हे जरा कडक शब्दांत लिहितेय, कारण असं वारंवार होतं आणि ती बाई मग आपल्याकडे पुन्हा विचारायला येत नाही.

शारीरिक जवळीक किती आणि कशी दाखवलीय, हे सरळ सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. काहींना दार बंद हवं असतं, काहींना उघडं, आणि दोन्ही आवडी सारख्याच आदराच्या. जुन्या पुस्तकांबाबत मात्र जास्त काळजी घे. कॅथलीन वुडिविस हिच्या 1972 च्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'पासून ऐतिहासिक रोमान्सची मोठी लाट आली, पण त्यात नायकच सुरुवातीला नायिकेवर बलात्कार करतो. या प्रकाराचा इतिहास समजून घ्यायला ते पुस्तक महत्त्वाचं आहे. तरी प्रकाशनाचं साल आणि हा इशारा दिल्याशिवाय ते मी कुणालाही देणार नाही.

लोक हिणवतात, असंही तू लिहिलंयस. "तेच ते" म्हणतात. जॅनिस रॅडवे या संशोधिकेनं 1984 मध्ये रोमान्स वाचणाऱ्या बायकांवरचा आपला अभ्यास पुस्तकरूपानं प्रसिद्ध केला. त्या बायकांना गोड शेवट सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता, आणि वाचनाचा वेळ हा घरच्या सगळ्या मागण्यांपासून राखून ठेवलेला त्यांचा स्वतःचा वेळ होता. मला त्यात सगळ्यात भावली ती पुस्तकांच्या दुकानात काम करणारी डॉट. तिचं हे नाव अभ्यासापुरतं बदललेलं आहे. कुठली कादंबरी घ्यावी, कुठली टाळावी हे तिची गिऱ्हाइकं विश्वासानं तिलाच विचारत, आणि ती नव्या पुस्तकांवरची आपली मतं एका वार्तापत्रात लिहीत असे. तू जे करू पाहतेयस त्याला अशी जुनी, सन्मानाची परंपरा आहे. हिणवणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवू नकोस, तो वेळ वाचनाला दे.

एक वही मात्र ठेव. त्यात तारे आणि गुण नकोत. अडसर काय होता, पुस्तक कुठे वळलं आणि कुठल्या मनःस्थितीत ते वाचावं, एवढं पुरे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही नोंद कर, कारण तुला कंटाळवाणी वाटलेली संथ कादंबरी स्लो बर्नवर, म्हणजे हळूहळू फुलणाऱ्या प्रेमावर, जीव टाकणाऱ्या कुणाला तरी हवी असेल. आणि एका वेळी एकच नाव सांग, फार तर दोन. बारा नावं दिली की निवडण्याचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं.

कधी ती परत येऊन म्हणेल, "नाही आवडलं." तुझ्या जिवाभावाच्या पुस्तकाबद्दल हे ऐकताना आत टोचेल. तरी वाद घालू नकोस, "शेवटपर्यंत वाच, मग कळेल" असंही म्हणू नकोस. कुठल्या पानावर थांबलीस आणि नायक तिथे काय करत होता, एवढं विचार. ती कदाचित सांगेल की त्यानं तिच्या वतीनं परस्पर निर्णय घेतला तिथे मन उडालं. मग तुझ्या वहीत असा नायक शोध, जो आधी विचारतो.

तुझी,
ताई