स्वप्न ‘पडतं’, झोपेत कुणी स्वप्न ‘बघत’ नाही

खानापूर तालुक्यातून नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ‘काल रात्री गावाचं स्वप्न बघितलं’ असं ती फोनवर म्हणाली, आणि आजीनं तिथल्या तिथं दुरुस्त केलं : ‘बघितलं काय? सपान पडलं म्हण की गं!’ दोघींत बरोबर कोण? शिवाय गावाविषयी जे आतून वाटत राहतं, त्या नॉस्टॅल्जियाला मराठीत काय म्हणायचं, आणि गावाकडच्या माणसांच्या मनात जी माया असते तिला ‘चांगुलपणा’हून नेमका शब्द आहे का, असंही तिनं विचारलं आहे.

आजी बरोबर. शंभर टक्के बरोबर.

झोपेतलं स्वप्न ‘बघणारी’ मराठी हल्ली इतकी कानावर आदळते की मला खरोखर त्रास होतो. मालिकेतली सून दचकून उठते आणि म्हणते, ‘मी खूप वाईट स्वप्न बघितलं.’ हे ‘मैंने सपना देखा’चं सरळ भाषांतर आहे. मराठीत स्वप्न बघता येतं, पण ते जागेपणी. घर बांधायचं, मुलीला डॉक्टर करायचं, ही स्वप्नं आपण बघतो, रंगवतो, उराशी बाळगतो. डोळा लागल्यावर येतं ते मात्र पडतं. त्यात कर्ता ‘मी’ नसतो, ‘मला’ असतो. इतका स्वच्छ भेद भाषेनं आपल्याला फुकट दिलेला असताना तो पुसून टाकायचा, याला मी आळस म्हणते. संस्कृतातही स्वप्न ‘पाहतात’ असा दाखला एका गृहस्थांनी मागे माझ्या तोंडावर फेकला होता. असेल. संस्कृत पाहते, हिंदी पाहते, बंगालीही पाहते. मराठीनं त्यांच्यामागून जायचं काही कारण नाही.

‘स्वप्न’ शब्दाच्या मुळाशी मी थांबत नाही. ‘स्वप्’ म्हणजे झोपणे, आणि तेच आजीच्या तोंडी ‘सपान’ झालं. खरी गंमत त्या क्रियापदात आहे.

स्वप्न पडतं असं आणखी कोण म्हणतं, ते पाहा. गुजरातीत स्वप्न ‘येतं’. तेलुगूतही ‘येतं’. कोकणीत मात्र आपल्यासारखंच पडतं, आणि कन्नडमध्येही पडतं. ‘ननगे कनसु बित्तु.’ ननगे म्हणजे मला, कनसु म्हणजे स्वप्न, बित्तु म्हणजे पडलं. शब्दावर शब्द ठेवून बघा, काना-मात्रेचाही फरक नाही. आणि जागेपणीच्या स्वप्नासाठी कन्नड माणूस काय म्हणतो? ‘कनसु काणोदु’, म्हणजे स्वप्न पाहणं. झोपेतलं पडतं, जागेपणीचं पाहतात. आपल्याकडचा भेद जसाच्या तसा. आता कुणी म्हणेल, हा योगायोग. ज्यानं बेळगावच्या बाजारात एक सकाळ घालवली आहे, तो असं म्हणणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडची बोली अभ्यासून गम्पर्झ आणि विल्सन या दोघांनी 1971 साली दाखवून दिलं की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना एकमेकींत इतकी मिसळली आहे की शब्द तेवढे बदलले की भाषा बदलते. आमच्या निपाणी-चिकोडीच्या माणसाला हे सांगायला शोधनिबंध लागत नाही, पण कागदावर आलेलं बरं असतं.

आता माझं मत. ते मी अनेक वर्षं मांडते आहे आणि आजही मागे घेत नाही.

व्युत्पत्ती देणारे आपले कोश ‘पडणे’पुढे ‘पत्’ लिहून मोकळे होतात. पत्, पतति, प्राकृत पडइ, मराठी पडे. दिसायला सरळ. पण जरा थांबा. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘त’ महाराष्ट्री प्राकृतात गळतो. माता, माआ, आणि मग आपली माय. गत, गअ, आणि मग गेला. या चालीनं पतति ‘पअइ’ व्हायला हवं होतं. इथंच नेमका ‘ड’ कुठून आला? वररुची आणि हेमचंद्र या दोघा प्राकृत व्याकरणकारांनाही या धातूच्या ‘ड’साठी वेगळं सूत्र करावं लागलं. ज्याला स्वतंत्र सूत्र लागतं, त्याच्या घरात काहीतरी बाहेरून आलेलं असतं.

ते काय, ते कन्नड शिकलेल्याला लगेच दिसतं. कन्नडमध्ये ‘पडु’ हा अस्सल द्राविडी धातू आहे. पडणे, मावळणे हा त्याचा जुना अर्थ, आणि अनुभवणे, भोगणे, वाट्याला येणे हा दुसरा. संतोषपडु म्हणजे आनंद वाटणे, भयपडु म्हणजे भिणे, कष्टपडु म्हणजे कष्ट सोसणे. सूर्य जिथं पडतो ती दिशा ‘पडुवण’, म्हणजे पश्चिम, आणि जिथं तो उगवतो, ‘मूडु’ होतो, ती ‘मूडण’. मंगळूरच्या वाटेवर पडुबिद्री लागतं आणि आत मूडबिद्री आहे. एक पश्चिमेकडचं, एक पूर्वेकडचं. त्यातलं ‘बिद्री’ हे ‘बिदिर’वरून, म्हणजे वेळू. आणि आमचं बेळगाव जुन्या लेखांत वेणुग्राम आहे. तेही वेळूचंच गाव! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

तर मुद्दा असा. आता मराठीतल्या या जोड्या वाचा : प्रश्न पडतो, कोडं पडतं, विसर पडतो, भूल पडते, मोह पडतो, भ्रांत पडते, कष्ट पडतात, चैन पडत नाही, स्वप्न पडतं. यांतलं काय वरून खाली आलं? काहीच नाही. हे सगळं आपल्या वाट्याला आलं, आपण ते भोगलं. हा अर्थ ‘पत्’मध्ये मला सापडत नाही, ‘पडु’मध्ये काठोकाठ भरलेला आहे. प्राकृतातला पड आणि इथल्या मातीतला पडु हे दोघे एकाच उच्चारात भेटले, आणि मराठीच्या ‘पडणे’नं दोघांचा संसार उचलला, असं मी मानते. यावर एक आक्षेप नेहमी येतो : कन्नड माणूस स्वप्नाला ‘पडु’ लावत नाही, ‘बीळु’ लावतो (‘बित्तु’ हे त्याचंच भूतकाळाचं रूप), आणि ‘पडु’बरोबर कर्ता ‘नानु’, म्हणजे मी, असतो, ‘ननगे’ नव्हे. खरं आहे. पण कन्नडमध्ये खाली पडण्यासाठी रोजच्या वापरात बीळु आहे आणि अनुभवण्यासाठी पडु आहे. मराठीकडे या दोन्ही कामांना एकच क्रियापद होतं. तिनं ‘बित्तु’कडून ‘मला’ची रचना घेतली आणि ‘पडु’कडून अर्थ. यात अशक्य ते काय?

विश्वनाथ खैरे यांनी मराठीच्या घडणीत तमिळचा वाटा किती मोठा आहे ते हिरिरीनं मांडलं, आणि सगळं काही संस्कृतातून आलं या समजाला धक्का दिला, त्याचे उपकार मानायलाच हवेत. पण मराठी शब्दाचं मूळ शोधायला थेट मद्रासपर्यंत जायचं आणि मधल्या कन्नडला ओलांडून जायचं, हे मला पटलेलं नाही. घटप्रभा-मलप्रभेच्या काठची बाई शेजारणीशी रोज ज्या भाषेत बोलते, ती आधी तपासा.

अशा बायका मी जवळून पाहिल्या आहेत. आमच्या शेजारच्या अक्का सकाळी परसात येऊन आईला सांगत, ‘वैनी, रात्री कनसु बित्तु. अव्वा बंदिद्लु, ऊट केळिद्लु.’ स्वप्नात मेलेली आई आली होती आणि जेवायला मागत होती. आई सुपातल्या तांदळातून खडे वेचता वेचता मराठीतच उत्तर द्यायची, ‘सपान पडलं न्हवं? मग आज कुणाला तरी जेवू घाल.’ अक्कांना मराठी येत नव्हतं असं नाही, आईलाही कन्नड यायचं. पण स्वप्न ज्याचं त्याच्या भाषेत सांगायचं, असंच जणू ठरलं होतं. दुपारी केरसुण्या विकणारी बाई गल्लीत आली. अक्कांनी तिला हाक मारून कट्ट्यावर बसवलं. ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगायी, शेंगाचटणी, वर दह्याची वाटी. बाई नको नको म्हणत होती, अक्का वाढत होत्या. कुणासाठी वाढतेय ते त्यांनी तिला सांगितलं नाही. ‘ऊट माडव्वा’, जेव बाई, एवढंच म्हणाल्या.

आता मुलीच्या मायेच्या प्रश्नाकडे येते. ‘चांगुलपणा’ हा शब्द प्रशस्तिपत्रकातला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असते तसा. ‘जिव्हाळा’ चालेल, फक्त तो जिव्हेवरून, गोड बोलण्यावरून आला असं कृपा करून कुठं सांगू नका. तो जिवावरून आला आहे. नखाखालचा जिवंत भाग म्हणजे जिव्हाळी. नख फार खोल काढलं की ‘जिव्हाळी लागलं’ म्हणतो ती. पण मला विचाराल तर नेमका शब्द ‘मैत्र’ आहे, आणि तोही एकटा नाही, आपल्या क्रियापदासकट. पसायदानातली ओळ आठवा : ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥’ शके 1212 मधली, म्हणजे 1290 सालची मराठी. ज्ञानदेव ‘होवो’ म्हणत नाहीत, ‘करोत’ म्हणत नाहीत, ‘पडो’ म्हणतात. शाळेत या ‘पडो’चा अर्थ ‘निर्माण होवो’ असा सांगून गुरुजी पुढच्या ओळीवर जातात, आणि सगळी ओळ हातातून निसटते. मैत्र स्वप्नासारखंच पडतं. ठरवून करता येत नाही, पडलं की ते दोघांच्याही वाट्याला येतं. केरसुणीवालीच्या पानात अक्का जे वाढत होत्या, त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

गावाकडे वळण्याआधी एक फसवी व्युत्पत्ती निकालात काढते. गावच्या आठवणीनं ‘ऊर भरून येतो’ यातला ऊर म्हणजे कन्नडचा ‘ऊरु’, गाव, असं मोठ्या हौसेनं सांगणारे लोक सीमाभागात आहेत. ऐकायला गोड, पण साफ चूक. आपला ऊर संस्कृत ‘उरस्’, छाती. कन्नडवर माझा जीव आहे म्हणून प्रत्येक शब्द तिच्या पदरात टाकायचा नसतो.

नॉस्टॅल्जिया हा शब्द मुळात वैद्यकातला. योहानेस होफर नावाच्या तरुणानं बाझेलमध्ये 1688 साली वैद्यकीय प्रबंध लिहिताना तो ग्रीकमधून जुळवला : नोस्तोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे वेदना. घरापासून लांब राहून झुरणाऱ्या माणसांच्या दुखण्याचं ते नाव होतं. आपण त्याला ‘स्मरणरंजन’ केलं. त्यात स्मरण आहे, रंजन आहे, दुखणं कुठं आहे? जुनी गाणी ऐकत बसणाऱ्या निवांत माणसाला तो शब्द शोभतो. दिवाळीत सुटी मिळाली नाही म्हणून भाड्याच्या खोलीत बसलेल्या मुलीला नाही शोभत.

तिच्याजवळ शब्द आधीपासून आहे, रोज वापरून गुळगुळीत झालेला म्हणून तिला दिसत नाही : करमत नाही. ‘करमणे’ हे ‘क्रमण’वरून, काळ क्रमणे, वेळ पुढे सरकणे. वेळ सुखानं सरकला की त्याची करमणूक होते, सरकायचा थांबला की करमत नाही. गावापासून तुटलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं, घड्याळ चालतं आणि वेळ हलत नाही. आमच्याकडे तर ‘करमंना झालंय’ म्हणतात, आणि त्यापुढे कुणी कारण विचारत नाही. त्याला नाम करायचा अट्टहास नको. स्मरणरंजनासारखे शब्द नामाच्या हट्टातूनच निघतात. मराठी आपलं दुखणं क्रियापदात सांगते.

तेव्हा, मुली, तुझं वाक्य असं लिही : ‘काल रात्री गावाचं स्वप्न पडलं, सकाळपासून करमेना झालंय.’ आणि आजीला माझा नमस्कार सांग.

अथणी, रायबाग, हुक्केरीकडच्या वाचकांनी मात्र मला एक मदत करावी. तुमच्याकडचे कन्नड शेजारी ‘कनसु’बरोबर बीळु, काणु यांखेरीज आणखी कोणतं क्रियापद वापरतात का, ते त्यांच्या तोंडून ऐकून पूर्ण वाक्यासह कळवा. म्हाताऱ्या बायकांना विचारलंत तर उत्तम.