डेट्रॉईटच्या उपनगरात राहायला जाताना होंडा विकून अमेरिकन गाडी घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, न्यू जर्सीत तुमच्या आसपासच्या चांगल्या कमावत्या घरांपुढे लेक्सस, होंडा, बीएमडब्ल्यू दिसायच्या, आणि घर बघायला ट्रॉय, नोव्हाय, ब्लूमफिल्ड हिल्सला आलात तर जिकडे तिकडे फोर्ड, जीप, जीएमसी, कॅडिलॅक. तुमच्या मिस्टरांना इथल्या ऑटो कंपनीत नोकरी लागलीये आणि तुमची होंडा पायलट आणली तर शेजाऱ्यांना खटकेल का, ही काळजी.

मी याच भागात राहते, आमचं घर ऑटो सप्लायरच्या, म्हणजे गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या, पगारावर चालतं, म्हणून सांगते, पायलट विकू नका. शेजारी काही म्हणणार नाहीत. नोव्हायमधे तर जपानी सप्लायर कंपन्यांमुळे कितीतरी जपानी कुटुंबं राहतात, टोयोटाचं टेक्निकल सेंटर अ‍ॅन आर्बरजवळ आहे, निसानचं फार्मिंग्टन हिल्सला, त्यामुळे जपानी गाडी इथे रोज दिसते.

पण मग अमेरिकन गाड्या इतक्या का, तर इथे ब्रँड आवडीपेक्षा नोकरीवरून ठरतो. फोर्डमधे काम करणाऱ्याला गाडीवर सवलत देणारा ए-प्लॅन, रिटायर झालेल्याला झेड-प्लॅन, सप्लायर वगैरे पार्टनर कंपन्यांच्या लोकांना एक्स-प्लॅन, जीएम (जनरल मोटर्स) आणि स्टेलँटिसचंही (क्रायस्लर, जीपवाली कंपनी) स्वतःचं असंच काहीतरी असतं, आणि हे डिस्काउंट जवळच्या नातेवाईकांनाही मिळतात. म्हणजे घरातला एक माणूस कंपनीत असला की आईवडील, भाऊ, मुलं सगळे त्याच ब्रँडवर. इथे कोणी नवी गाडी आणली की पहिला प्रश्न असतो "कुठला प्लॅन लागला?", किंमत नंतर.

आणि दुसरं म्हणजे लीज, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे खूप लोक गाडी विकत घेतच नाहीत, प्लॅनवर दोन-तीन वर्षं लीजवर चालवतात आणि परत करून पुढची घेतात. ज्याला गाडी वॉरंटी संपायच्या आत परत द्यायचीये त्याला ती दीड लाख मैलांनंतर कशी चालेल, विकताना किती येतील याचा विचारच करावा लागत नाही, आणि जपानी गाडीचं खरं बळ तर तिथेच आहे ना! न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात ज्यांना कुठलाच प्लॅन नाही ते हेच दोन प्रश्न आधी विचारतात. आपल्या लोकांचं बघा, एमएसला आलेला मुलगा सेकंडहँड कोरोला किंवा सिव्हिक घेतो, ती काही त्रास न देता चालते, नोकरी लागली की कॅमरी, मुलं झाली की ओडिसी, हात सैल झाला की लेक्सस. एकदा बसलेला भरवसा माणूस सहजासहजी मोडत नाही, त्यात मला काही गैर वाटत नाही.

याला जुना इतिहासही आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर कमी पेट्रोल खाणाऱ्या छोट्या जपानी गाड्या खपायला लागल्या, मग १९८१ मधे अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजारच गाड्या पाठवायचं मान्य केलं. आकडाच बांधून दिला म्हटल्यावर ज्या गाडीत जास्त पैसे सुटतात तीच पाठवणार ना कोणीही. १९८६ ला होंडाचा महागडा ब्रँड अ‍ॅक्युरा आला, १९८९ ला टोयोटाचा लेक्सस आणि निसानचा इन्फिनिटी. श्रीमंत उपनगरांचे दरवाजे जपानी कंपन्यांना उघडले त्यात या मर्यादेचा मोठा हात आहे.

तरी एक लक्षात घ्या, मोठ्या एसयूव्ही आणि पिकअपमधे अमेरिकन कंपन्यांनी देशभर जागा सोडलेली नाही. सबर्बन, युकॉन, एस्कलेड, नॅव्हिगेटर कुठल्याही श्रीमंत भागात शाळेबाहेर उभ्या दिसतील, आणि उत्तर अमेरिकेबाहेरून येणाऱ्या पिकअपवर तर १९६४ पासून २५ टक्के ड्युटी आहे. एकाच ड्राइव्हवेमधे एकीकडे फोर्डची एफ-१५० पिकअप आणि दुसरीकडे लेक्सस असणं अगदी नेहमीचं.

आता तुमच्या पायलटकडे जा आणि ड्रायव्हरच्या बाजूला समोरच्या काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) असतो तो बघा. पहिलं अक्षर १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत जोडलेली, २ कॅनडा, ३ मेक्सिको, J जपान, W जर्मनी, K कोरिया, L चीन. अलाबामातल्या लिंकन गावी होंडाचा कारखाना आहे, तिथली पायलट ५ ने सुरू होते. आणि ब्युइक एनव्हिजन, जी डेट्रॉईटच्या कंपनीची म्हणून लोक अभिमानाने घेतात, ती गेली काही वर्षं चीनमधून येते, शेव्हीची (शेव्हर्लेची) ब्लेझर मेक्सिकोतून. बीएमडब्ल्यूच्या एक्स-५ साऊथ कॅरोलिनात स्पार्टनबर्गला बनतात. तेव्हा कोणी देशी-परदेशी काढलंच तर या पहिल्या अक्षराबद्दल बोला.

मात्र इथल्या लोकांच्या भावनेला हलकं समजू नका, हे मी मनापासून सांगतेय. २००९ मधे क्रायस्लर आणि जीएम दोघांनी दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा या उपनगरांत नोकऱ्या गेल्या, घरांच्या किमती पडल्या. आमच्या समोरचे आजोबा चाळीस वर्षं प्लांटमधे होते, त्यांचं पेन्शन त्याच कंपनीवर, ते अजूनही तिथलीच गाडी घेतात आणि दर शनिवारी स्वतःच्या हाताने धुतात. त्यांना तुमच्या होंडाचा राग नाही, पण "आमच्या गाड्या भंगार" असं कोणी बोललं की त्यांचा चेहरा उतरतो, ते मी बघितलंय.

जिथे खरंच फरक पडतो ती जागा म्हणजे ऑफिस. फोर्डने डिअरबॉर्नच्या ट्रक प्लांटमधे २००६ साली जवळच्या पार्किंगमधे फक्त आपल्या गाड्यांना जागा ठेवली होती, बाकीच्यांनी लांब लावायच्या. सप्लायरचे सेल्सवाले तर गिऱ्हाईक कंपनीकडे जाताना त्याच कंपनीची गाडी नेतात. म्हणून माझं मत असं, पायलट तुम्ही वापरा, शाळा, ग्रोसरी, क्लासेस सगळं तिच्यावर होईल, फक्त इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने खालून गंज चढतो, तेव्हा तिला अधूनमधून खालून धुऊन घेत जा. मिस्टरांसाठी दुसरी गाडी त्यांच्या कंपनीची, प्लॅनवर, लीजने. फक्त डीलरकडे जायच्या आधी एचआरला विचारून घ्या की नव्या माणसाला प्लॅन पहिल्या दिवसापासून लागतो की काही महिन्यांनी, कारण आधी सही केली आणि प्लॅन नंतर लागू झाला तर ते पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.