"मग इतकी वर्षं मी काय शिकवलं?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कधी कॉलेजातली मुलगी विचारते, कधी निवृत्त माणूस. 'एका बाबतीत माझं मत बदललं, तर बाकीच्या श्रद्धेचं काय? एक वीट काढली की भिंतच खाली येणार ना?' उत्तरादाखल वसईतल्या एका सरांची हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सर सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतर, तीसेक वर्षं मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा त्यांची झोप उडालेली होती, जेवण तुटलं होतं आणि ज्या माणसाची सकाळची मिस्सा कधी चुकली नाही, तो महिनाभर देवळाची पायरी चढला नव्हता.

सुनेचं पहिलं बाळ जन्मानंतर दोन तासांत गेलं होतं. त्या धावपळीत बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाण्याने द्यायच्या ख्रिस्ती दीक्षेचं, कुणालाच सुचलं नाही. बाळ दगावण्याची भीती असेल तर त्याच्या डोक्यावर पाणी घालून कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे सरांनीच वर्गात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. ते पोचले तेव्हा उशीर झाला होता. आठवड्याने सुनेने विचारलं, "पप्पा, बाळ आता कुठे असेल?" सर काही न बोलता उठले आणि विहिरीपाशी जाऊन बसले.

वर्गात या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असे: लिंबो. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांची जागा. तिथे यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. ही शिकवण त्यांच्या मनची नव्हती. प्राचीन चर्चचे थोर धर्माचार्य संत ऑगस्टिन यांनी अशा बाळांच्या वाट्याला सौम्य का होईना, पण शिक्षा येते असं म्हटलं होतं. मध्ययुगातल्या ईशज्ञानींनी, म्हणजे धर्मतत्त्वांच्या अभ्यासकांनी, त्यातली यातना काढून टाकली आणि लिंबो उरलं. कॅथलिक चर्चने ते बंधनकारक सिद्धान्त म्हणून कधीच जाहीर केलं नाही, तरी शतकानुशतकं ते शिकवलं गेलं. १९१७च्या धर्मसंहितेनुसार (चर्चच्या कायद्यानुसार) अशा बाळाला चर्चचा दफनविधी मिळत नसे. १९८३च्या संहितेने, आईवडिलांच्या मनात बाप्तिस्मा देण्याचं असेल तर बिशपांच्या परवानगीने हा दफनविधी करता येईल असं ठरवलं. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात चर्च या बाळांना फक्त देवाच्या दयेवर सोपवतं. आणि २००७मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाचा दस्तऐवज आला: ही बाळं तारली जातील अशी आशा धरायला गंभीर कारणं आहेत. खात्री आहे असं तो म्हणत नाही, आशा म्हणतो.

हे सगळं मी पहिल्याच भेटीत सरांपुढे मांडलं. त्यांना मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. ती माझी चूक होती. ते आणखी मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मॅडम, ते मी तेव्हाच पेपरात वाचलं होतं. वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्यानंतरही दोन वर्षं शिकवलं. मग इतकी वर्षं मी काय शिकवलं?"

पुढच्या दोन भेटींत ते जवळजवळ गप्पच होते. तिसऱ्या भेटीत एका बाईंचा विषय निघाला. चाळीस-एक वर्षांपूर्वी त्यांच्याच आळीतल्या एका तरुण आईचं तीन दिवसांचं बाळ गेलं होतं. सेमेटरीच्या कडेला, भिंतीलगत पुरलं. ती वर्ग सुटायची वाट बघत बाहेर उभी राहिली आणि सुनेने विचारलं तेच तिने विचारलं. सरांनी फळ्यावर गणित सोडवावं तसं उत्तर दिलं. ती मान हलवून निघून गेली.

तेव्हा मला कळलं की मी भलत्याच ठिकाणी औषध लावत होते. सरांची बुद्धी नवं मत घ्यायला केव्हाच तयार झाली होती. ज्यांना जुनं मत दिलं होतं, त्यांच्या दारात परत जाणं त्यांना जड होतं. श्रद्धेच्या बाबतीत मत न बदलणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आपण हट्टी म्हणतो. पण अनेकांच्या मागे अशी एखादी बाई उभी असते.

विटेच्या प्रश्नावर आम्ही थोडंच काम केलं. मी त्यांना प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं सार सांगणारी प्रार्थना, मोठ्याने म्हणायला सांगितला, हळूहळू, स्वतः ऐकत. येशू 'अधोलोकात उतरला' इथे ते थांबले. मग शेवटपर्यंत म्हटला. "यात लिंबो नाही," एवढंच म्हणाले. कुठली गोष्ट भिंत आणि कुठली भिंतीवरचा गिलावा, हे ज्याने तीस वर्षं शिकवलं त्याला मी सांगायची गरज नव्हती. ईशज्ञानाचे बारकावे मात्र मी माझ्याकडे ठेवले नाहीत. त्यांच्या संमतीने पॅरिशच्या फादरांशी बोलले, आणि ते दोघे दर गुरुवारी बसू लागले. समुपदेशकाने धर्मगुरूची खुर्ची घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अठरावा अध्याय सरांनीच काढून आणला. आलेक्सांद्रियाचा अपुल्लो, वक्तृत्वाचा धनी, शास्त्रात पारंगत, पण त्याला फक्त योहानाचा, म्हणजे येशूच्या आधीचा पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक. तो सभास्थानात निर्भयपणे बोलतो. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको त्याला जवळ घेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. व्यवसायाने ते तंबू शिवणारे. "अपुल्लो काय म्हणाला ते लिहिलंच नाही," सर म्हणाले. "तीस वर्षं वाचला हा अध्याय, कधी लक्षात आलं नाही. पुढच्याच ओळीत तो दुसऱ्या गावी शिकवायला निघतो, आणि भाऊबंद त्याला शिफारसपत्र देतात."

त्या बाईंकडे जायला त्यांना अजून दीड महिना लागला. मी घाई केली नाही. अशी भेट स्वतःचं ओझं उतरवण्यासाठी असेल तर समोरच्यावर ते दुसऱ्यांदा पडतं. काय बोलायचं याचा आम्ही सराव केला. तीनच वाक्यं. कारणं नाहीत, दस्तऐवज नाही.

भेट सोपी झाली नाही. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"माहीत असल्यासारखं सांगितलंत, सर." आणि दार लोटलं.

मला वाटलं होतं हा माणूस आता कोसळेल. तसं झालं नाही. ते माझ्यासमोर बसून तेच वाक्य दोनदा म्हणाले, आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्या रात्री कितीतरी महिन्यांनी त्यांना झोप लागली. सुनेला त्यांनी त्याच आठवड्यात उत्तर दिलं: "मला माहीत नाही, बाळा. ज्याच्या हाती आहे त्याच्यावर माझा विश्वास आहे." ती रडली, तेही रडले. घरात बाळाचा विषय पहिल्यांदाच उघडपणे निघाला.

मिस्सेला जाताना ते त्याच आळीतून जातात. बाईंनी अजून त्यांना घरात बोलावलेलं नाही. गेल्या महिन्यात मात्र त्या फाटकाशी आल्या आणि आपल्या बाळाचं नाव सांगितलं. तीन दिवसांत त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं.