‘सुधारित आवृत्ती’च्या शिक्क्यावर जाऊ नका

बी.एड. विशेष शिक्षणाचं पुस्तक यादीत घ्यायचं की नाही, हे ठरवताना आधी कायद्याचं प्रकरण काढा. 1995 च्या कायद्यातले अपंगत्वाचे सातच प्रकार दिसले, तर पुस्तक जुनंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते 21 आहेत. कधीकधी एका पानावर 21 ची यादी चिकटवलेली असते आणि पुढे सगळीकडे ‘मतिमंद’ हा जुना शब्द तसाच चालू! अशी मलमपट्टी नेमकी पकडायची. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलासाठी वर्गात काय करायचं, यावर दोन ओळी तरी आहेत का, तेही बघा.

वाचनसुलभतेसाठी फ्लेशचं सूत्र (वाक्यांची नि शब्दांची लांबी मोजून मजकूर किती सोपा ते सांगणारं) मराठी पुस्तकाला लावत बसू नका, ते इंग्रजीसाठी बांधलेलं आहे. त्यापेक्षा क्लोज चाचणी घ्या. मधल्या प्रकरणातला अडीचशे शब्दांचा उतारा घ्या, पहिलं वाक्य तसंच ठेवा, मग दर पाचवा शब्द गाळा आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना रिकाम्या जागा भरू द्या. प्रस्तावनेतला उतारा नको, ती बहुधा सोपीच असते. मूळ शब्द ‘मुलाला’ असेल आणि कुणी ‘मुलास’ लिहिलं, तर मी गुण देते. नेमका मूळ शब्दच हवा म्हणणारे नियमवाले नाक मुरडतील, मुरडू देत. निम्म्याहून जास्त जागा बऱ्याच जणांच्या चुकल्या, तर पुस्तक संदर्भापुरतं ग्रंथालयात ठेवा. पण उतारे तीन तरी घ्या. संपादित पुस्तकात प्रत्येक प्रकरणाचा लेखक वेगळा, त्यामुळे भाषाही वेगळी.

आणि हो, शेवटी शब्दसूची नसलेलं पुस्तक मी शक्यतो घेतच नाही.