वाचकांचे प्रश्न: भिंतीवरचा स्प्रे आणि काळं फासलेला फलक

प्रश्न (खानापूर): आमच्या वाचनालयाचं कंपाउंड जांभ्याचं आहे, गिलावा नाही. कुणीतरी रात्रीत त्यावर काळ्या स्प्रेनं शिव्या लिहिल्या. रंगारी म्हणतो, ॲसिड मारून तारेच्या ब्रशनं घासू. चालेल?

उत्तर: मुळीच नको. रंगानं भिंतीचं जेवढं बिघडलं नाही, तेवढं या उपायानं बिघडेल. उघड्या हवेत जांभ्याची वरची साल टणक होते, आतला दगड मऊच राहतो. तारेनं ती साल निघाली की पुढच्या पावसाळ्यापासून दगड झडायला लागतो. त्यात लोह भरपूर, म्हणून ॲसिडनं तांबूस ओघळ उतरतात. ते मग कशानंच जात नाहीत.

आधी मोजपट्टी धरून फोटो काढा. तक्रार करायची तर पुसल्यावर पुरावा उरत नाही. मग कोपऱ्यात वीतभर जागेवर एन.सी. थिनरचा (रंग विरघळवणारा नायट्रोसेल्युलोज थिनर) बोळा टेकवून बघा. घासू नका, कारण विरघळलेला रंग भोकांत शिरतो आणि अक्षरांची करडी सावली कायमची राहते. रंग सुटत असेल तर मुलतानी मातीत थिनर घालून श्रीखंडाइतका घट्ट लेप करा. कोरड्या भिंतीवर तो सेंटिमीटरभर जाड थापा, वर प्लास्टिक लावून कडा टेपनं बंद करा. 3-4 तासांनी प्लास्टिक काढा, लेप पूर्ण वाळू द्या आणि लाकडी पट्टीनं उतरवा. वाळताना माती रंग ओढून घेते. ओलाच खरवडलात तर मेहनत फुकट. असं दोन-तीनदा करावं लागेल. शेवटी साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश. थिनरला रंग दाद देत नसेल तर स्प्रे एनॅमलचा असावा; तिथं जेलसारखा पेंट रिमूव्हर वापरा. जवळ विडी-काडी नको. हातमोजे जाडच घ्या, पातळ रबरी मोजे थिनरनं फुगून फाटतात.

प्रश्न (निपाणी): गिलाव्याच्या भिंतीवर दोन हात डिस्टेंपर मारला, तरी महिन्याभरात खालची अक्षरं दिसू लागली.

उत्तर: तुकतुकीत स्प्रेवर डिस्टेंपर धरत नाही, पोपडे सुटतात. 120 नंबरच्या पॉलिशपेपरनं घासून ऑइल प्रायमरचा एक हात द्या, रात्रभर वाळवा, मग इमल्शनचे दोन हात.

प्रश्न (बेळगाव): गल्लीतल्या तीन शाळकरी पोरांनी रस्त्याच्या दिशाफलकाला काळं फासलं. पंच म्हणतात, पोरांचे फोटो ग्रुपवर टाकू आणि त्यांनाच थिनरनं पुसायला लावू.

उत्तर: दोन्ही नको. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली गुन्हा आहेच. पण अशा प्रकरणात अडकलेल्या 18 वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणं हाही 2015 च्या बालन्याय कायद्यातल्या कलम 74 खाली गुन्हा आहे. तेव्हा पंचच अडकतील. शिवाय आपल्या भागात काळं फासलेला फलक कुठल्या भाषेतला, यावरूनच आधी गर्दी जमते. फोटो फिरला की पोरं बाजूला राहतात आणि भांडण दोन गटांचं होतं. पालकांना बोलावा, झालेलं फलकाच्या खात्याला कळवा. पोरांना काम द्यायचंच तर पालकांसमोर, बिनवासाच्या रंगाचं: वरच्या निपाणीच्या प्रश्नातल्यासारख्या भिंतीवर इमल्शनचा हात मारण्याचं. थिनर मुलांच्या हाती देऊ नये.

आणि फलक कुणीच थिनरनं पुसू नका. त्यावर उजेड परतवणारा कागद असतो, तो थिनरनं खराब होतो. दिवसा फलक स्वच्छ दिसतो, रात्री गाडीच्या दिव्यात मात्र काळा ठिक्कर. मग तो बदलूनच घ्यावा लागतो.